दर पंधरवड्याला कार्बन खाणारी जुनी ड्रिल मशीन: सुटे भाग बंद झाले असताना करावयाची दुरुस्ती

औसा तालुक्यातील सुतारकाम करणारे एक गृहस्थ मागच्या उन्हाळ्यात आपली ड्रिल मशीन घेऊन लातूरला माझ्या दुकानात आले, तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्याची होती: "मिस्त्री, ही मशीन दर पंधरा दिवसाला कार्बन खायलीय." कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासत त्याला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळे. १३ मिलिमीटर चकाची, ५५० वॉटची आणि पुढे धातूचा गिअरबॉक्स असलेली ही मशीन त्यांच्या वडिलांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावे नव्याने बांधली जात होती त्या काळात घेतली होती. त्या गावांतील असंख्य चौकटींना तिने भोके पाडली आहेत, आणि नवी मशीन घेण्याची ऐपत असूनही त्यांना हीच चालू हवी होती. हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. "मॉडेल बंद, पार्ट बंद" हे उत्तर त्यांना दोन शहरांत मिळाले होते, आणि तिसऱ्या ठिकाणी कोणीतरी दुसऱ्याच मशीनचे कार्बन ठोकून बसवून दिले होते.

अशा तक्रारीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. कार्बन मिळत नाही हा एक, आणि मिळालेला कार्बन टिकत नाही हा दुसरा. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न दिसतो, कारण त्यासाठी त्याला गावोगाव फिरावे लागते. पण मशीन मरते ती दुसऱ्यामुळे. कार्बन हा या मोटरमधला सर्वांत मऊ भाग मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे झीज व्हायची ती त्याची व्हावी आणि तांब्याची होऊ नये. तो महिनोन् महिने टिकायला हवा. पंधरा दिवसांत संपत असेल, तर शेजारचा कोणता तरी भाग त्याला खातो आहे, आणि तो भाग सापडेपर्यंत अस्सल कंपनीचे कार्बन मिळाले तरी उपयोग नाही. म्हणून भागाच्या शोधाला लागण्यापूर्वी कारणाचा शोध घ्यावा, या क्रमाने मी हे लिहितो आहे.

जुना कार्बन टाकून देऊ नये

मशीनचा प्लग बोर्डातून काढून, तो आपल्या नजरेसमोर ठेवून मगच कामाला हात घालावा. बाजूच्या दोन्ही टोप्या उघडून कार्बन बाहेर काढावेत आणि कोणता डावा, कोणता उजवा हे लगेच खडूने लिहून ठेवावे. बहुतेक जण झिजलेला कार्बन कचऱ्यात टाकतात आणि नव्याच्या मागे लागतात. माझ्या मते दुरुस्तीतला सर्वांत मोलाचा पुरावा तिथेच हरवतो.

निरोगी मशीनमधील कार्बनचे तोंड आरशासारखे नव्हे, पण गुळगुळीत आणि सारख्या रंगाचे असते, व त्याला कम्युटेटरच्या (फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांचे गोल कडे, ज्यावर कार्बन घासतो) गोलाईइतका बाक आलेला असतो. कडा तुटलेल्या, चावल्यासारख्या दिसत असतील, तर कम्युटेटरच्या पट्ट्यांमधील अभ्रक वर आले आहे किंवा कम्युटेटर गोल राहिलेला नाही असे समजावे. तोंड एका बाजूला तिरपे झिजले असेल, तर कार्बन आपल्या घरात डुलतो आहे. कार्बनमध्ये रुतवलेली तांब्याची शेपटी सैल झाली असेल, तर वीज स्प्रिंगमधून वाहू लागते, स्प्रिंग निळी पडते, तिचा ताव उतरतो, दाब कमी होतो आणि ठिणग्या वाढत जातात. अशा वेळी नवीन कार्बनाला जुनीच स्प्रिंग लावली तर तोही त्याच वाटेने जातो.

या मशीनमध्ये दोन्ही कार्बनांच्या कडा चावल्यासारख्या होत्या आणि उजवा कार्बन डाव्यापेक्षा जवळपास दुप्पट झिजला होता. दोन्ही खुणा एकत्र पाहिल्यावर माझा संशय आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याच्या, डगमगण्यावर गेला.

कम्युटेटर आणि त्यामागचे बेअरिंग

आर्मेचर बाहेर काढल्यावर कम्युटेटर आधी रॉकेलच्या नव्हे, तर स्पिरिटच्या फडक्याने पुसावा, कारण रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो व त्यावर कार्बनची भुकटी चिकटते. चांगल्या कम्युटेटरवर चॉकलेटी रंगाचा पातळ थर असतो. हा थर म्हणजे घाण नव्हे. तो कार्बनला घसरण देतो, म्हणून तो चकचकीत होईपर्यंत घासत बसणे हे मशीनवर केलेले उपकार नाहीत. मात्र काळे जळके डाग, एकाच पट्टीच्या कडेला पडलेला खड्डा किंवा बोटाच्या नखाला लागणारी चर दिसली तर पुढची तपासणी करावीच लागते.

नख पट्ट्यांवरून आडवे फिरवले की दोन पट्ट्यांमधील फट लागायला हवी. तांबे झिजते, पण त्यांच्या मधले अभ्रक, ज्याला कारागीर मायका म्हणतात, ते तांब्यापेक्षा कठीण असल्याने तितके झिजत नाही आणि कालांतराने पट्ट्यांच्या बरोबरीला किंवा त्यांच्याही वर येते. मग मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या कम्युटेटरवर कार्बन प्रत्येक फटीपाशी उसळतो, संपर्क क्षणभर सुटतो आणि तिथे ठिणगी पडते. या मशीनचे मायका जवळपास सगळीकडे पट्ट्यांच्या बरोबरीला आले होते. पूर्वी कोणीतरी चालत्या मशीनमध्ये काळा एमरी पेपर धरून कम्युटेटर "साफ" केल्याच्या आडव्या रेघाही स्पष्ट दिसत होत्या. एमरीचे कण तांब्यात रुततात आणि त्यानंतर कम्युटेटरच कार्बनला घासू लागतो. त्यामुळे कम्युटेटरसाठी नेहमी बारीक पॉलिश पेपरच वापरावा आणि चालत्या मशीनमध्ये हात घालू नये.

उपाय लेथवर आहे. आर्मेचर त्याच्या बेअरिंगच्या जागांवर किंवा शाफ्टच्या दोन्ही टोकांतील सेंटरवर धरावे, चकात कसेही आवळून धरू नये, नाहीतर कम्युटेटर गोल होतो पण शाफ्टशी एकमध्य राहत नाही, आणि मशीनला शाफ्टशी एकमध्य असणेच हवे असते. धारदार टूलने अगदी बारीक काप घेऊन फक्त खड्डे जातील एवढेच तांबे काढावे. डायल गेजवर एकूण चढउतार मिलिमीटरच्या तीन शतांशांच्या आत आला की मी थांबतो. त्यानंतर प्रत्येक फटीतील मायका सुमारे अर्धा मिलिमीटर खोल उतरवावे. यासाठी एक्साब्लेडच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याच्या) दोन्ही बाजू ग्राइंडरवर घासून ती फटीइतकी पातळ केली की उत्तम हत्यार तयार होते. हे काम कंटाळवाणे आहे. चोवीस फटी असतील तर चोवीस वेळा तेच करावे लागते, आणि एखाद्या फटीच्या कडेला मायकाचा पातळ काठ राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून भिंग घेऊन बसावे. शेवटी पट्ट्यांच्या कडांवरील कुसळे काढून फटीतील तांब्याची भुकटी ब्रशने झाडावी. पट्ट्या आधीच फार पातळ झालेल्या असतील, तर लेथचा मोह टाळावा, कारण पूर्ण वेगात अशी पट्टी निसटली की आर्मेचर आणि फील्ड (त्याभोवतीची स्थिर कॉइल) दोन्ही एका क्षणात संपतात.

एवढे करून मशीन बंद केली असती तर ती पुन्हा महिन्याभरात आली असती, कारण मायका वर येणे हा वयाचा परिणाम होता, पण उजव्या कार्बनची दुप्पट झीज त्याने समजत नव्हती. तिचे कारण मागच्या बेअरिंगपाशी सापडले. बेअरिंग स्वतः ठीक फिरत होते. मात्र त्याचे बाहेरचे कडे प्लॅस्टिकच्या घरात फिरू लागले होते आणि घर मिलिमीटरच्या दोन दशांशांहून अधिक मोठे झाले होते. आर्मेचरचे मागचे टोक त्या पोकळीत हेलकावे खात होते व प्रत्येक फेऱ्याला एका कार्बनला ढुशी देत होते. हा दोष हाताने सहज ओळखता येतो: मशीन जोडलेली असताना कार्बन काढून शाफ्टचे मागचे टोक पकडून आडवे हलवून पाहावे. हालचाल जाणवली आणि बेअरिंग नवे असूनही जाणवली, तर दोष घराचा आहे.

बॉडी नवी मिळणार नव्हती, कारण मॉडेलच बंद. ढिल्या घरात बेअरिंगभोवती पत्र्याची पट्टी किंवा चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती चार दिवस चालतेही, पण चिकटपट्टी उष्णतेने वितळते व पट्टी एका बाजूला सरकून आर्मेचरचा मध्यच बदलते. आम्ही बॉडीला पुढच्या बाजूने, म्हणजे गिअरबॉक्स जिथे बसतो त्या गोल खाचेवर धरले, त्या खाचेला मध्य मानून मागचे घर २५ मिलिमीटर व्यासाचे केले आणि त्यात २२ मिलिमीटर आतील व्यासाची ॲल्युमिनियमची कडी इपॉक्सीने बसवली. बेअरिंग ६०८ क्रमांकाचे होते, म्हणजे आतून ८, बाहेरून २२ आणि जाडीला ७ मिलिमीटर, त्यामुळे त्याची कधीच अडचण नव्हती. कडी घालताना एक काळजी अत्यावश्यक आहे: ती बॉडीच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचता कामा नये आणि कार्बनच्या पितळी घराला तिचा स्पर्श होता कामा नये. प्लॅस्टिकची बॉडी ही माणसाच्या हाताचे विजेपासून रक्षण करणारी भिंत आहे, आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्या भिंतीला खिडकी पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

भाग नावाने मागण्याऐवजी मापाने मागावा

कंपनीचा पार्ट नंबर बंद होतो, पण माप बंद होत नाही. हे एकदा लक्षात आले की अर्ध्याहून अधिक "न मिळणारे" भाग बाजारात मिळू लागतात. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या आसपासच्या दुकानात मॉडेलचे नाव सांगून नकार मिळालेला माणूस व्हर्निअरने घेतलेले माप कागदावर लिहून त्याच दुकानात गेला, तर निम्म्या वेळा काम होते.

बेअरिंगच्या बाबतीत हे सर्वांत सोपे आहे, कारण बेअरिंग कोणत्याही एका मशीनचे नसते. वरचा क्रमांक पुसला गेला असेल तर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी मोजावी. या हत्यारांत नेहमी दिसणारी मापे थोडीच आहेत: ६०७ चे ७, १९ व ६, ६०८ चे ८, २२ व ७, ६००० चे १०, २६ व ८, ६२०० चे १०, ३० व ९, आणि ६२०१ चे १२, ३२ व १० मिलिमीटर. आपल्याकडची बारीक काळी धूळ आणि लाकडाचा भुसा लक्षात घेता दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेअरिंगच घ्यावे. बसवताना आतल्या कड्यावर नळी ठेवून दाबावे. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली की नवे बेअरिंगही बसवतानाच जुने होते.

कार्बनचे माप घेताना झिजलेला कार्बन मोजू नये, कार्बन ज्यात सरकतो ते पितळी घर आतून मोजावे. या मशीनचे घर ५ बाय ८ मिलिमीटरचे होते आणि त्या मापाचा, त्या टोपीचा कार्बन कुठेच नव्हता. थोडा मोठा, ६ बाय ९ मिलिमीटरचा, ड्रिल मशीनचाच कार्बन घेऊन सपाट काचेवर ताणून चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर तो चारही बाजूंनी सरळ घासला आणि घरापेक्षा साधारण एक दशांश मिलिमीटर कमी ठेवला. घरात तो स्वतःच्या वजनाने सरकायला हवा, पण हलवल्यावर खडखडू नये. घट्ट बसलेला कार्बन तापला की अडकतो, स्प्रिंग त्याला ढकलू शकत नाही, आणि मशीन अचानक बंद पडते; गिऱ्हाइकाच्या मते तेव्हा "आर्मेचर गेलं" असते, प्रत्यक्षात दशांशभर कार्बन जास्त असतो.

एक चूक खेड्यापाड्यांत वारंवार दिसते, म्हणून ती ठळकपणे सांगतो. गाडीच्या स्टार्टरचे कार्बन आकाराने जवळचे दिसतात, स्वस्त असतात आणि प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतात, म्हणून ते घासून ड्रिलमध्ये घातले जातात. त्या कार्बनांत तांब्याचे प्रमाण खूप असते, कारण ते १२ व्होल्टच्या आणि मोठ्या प्रवाहाच्या मोटरसाठी बनवलेले असतात. २३० व्होल्टच्या मोटरमध्ये ते कम्युटेटर घासतात, त्यांची वीजवाहक भुकटी फटींत भरते आणि पट्ट्या एकमेकींशी शॉर्ट होतात. आमच्या या मशीनला तिसऱ्या ठिकाणी बसवलेला कार्बन असाच होता. मोडून पाहिल्यावर त्याचा तांबूस रंग स्पष्ट दिसला.

कार्बन बसवल्यावर कम्युटेटरभोवती बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, त्याची खरखरीत बाजू कार्बनकडे ठेवून, शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवावा, म्हणजे कार्बनच्या तोंडाला गोलाई येते. मग मशीन हवेच्या झोताने साफ करून वीस मिनिटे भोके न पाडता मोकळी चालवावी. कार्बनच्या टोकाशी बारीक निळसर ठिणगी असणे स्वाभाविक आहे. कम्युटेटरभोवती ठिणग्यांचे पूर्ण कडे दिसले तर मात्र लगेच बंद करावी.

आर्मेचर जळले असेल तर

आमच्या मशीनचे आर्मेचर शाबूत होते, पण हा प्रश्न इतके जण विचारतात की त्यावर थांबायलाच हवे. जळल्याचा वास आला म्हणजे आर्मेचर गेले असे धरून चालू नये. मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधील रोध क्रमाने सगळीकडे पाहावा; आकडा किती आहे यापेक्षा तो सगळीकडे सारखा आहे का, हे महत्त्वाचे. एकाच ठिकाणी तो एकदम चढला तर वायर तुटली आहे, उतरला तर वळसे आपसांत भिडले आहेत. कोणत्याही पट्टीपासून शाफ्टपर्यंत वीज पोहोचता कामा नये, आणि ते तपासायला मल्टिमीटरपेक्षा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) अधिक विश्वासाचा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ग्राउलर असतो. त्यावर आर्मेचर ठेवून एक्साब्लेड वरून फिरवली आणि एखाद्या खाचेवर ती थरथरू लागली, तर त्या खाचेत शॉर्ट आहे. ग्राउलर नसेल तर मशीन जोडून शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करावी. बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि मोटर हललीही नाही, तर आत मोठा शॉर्ट असण्याची शक्यता आहे.

मराठवाड्यात विहिरी-बोअरच्या मोटारींमुळे प्रत्येक तालुक्याला वाइंडिंगचे दुकान आहे, हा आपला मोठा आधार आहे. फील्ड कॉइल तिथे सहज भरून मिळते. आर्मेचर भरणे मात्र वेगळे आणि नाजूक काम आहे. पंपाच्या मोटारीत उत्तम हात असलेला कारागीर आर्मेचरला नकार देत असेल, तर तो प्रामाणिक आहे असे समजून त्याला आग्रह करू नये. काम स्वीकारणाऱ्याने जुने वाइंडिंग काढण्यापूर्वी खाचा किती, पट्ट्या किती, एका कॉइलमध्ये वळसे किती, वायर कोणत्या गेजची, कॉइल किती खाचा सोडून बसते, आणि तिचे टोक खाचेच्या समोरच्या पट्टीपासून कितव्या पट्टीवर जोडलेले आहे, हे सहाही मुद्दे लिहून फोटो काढावेत. शेवटचा मुद्दा चुकला तर वाइंडिंग दिसायला निर्दोष असते आणि मशीन पहिल्या दिवसापासून ठिणग्या टाकते. माझे उस्ताद काढलेली जुनी तार वजन करून ठेवत आणि नवी तेवढीच भरली का हे काट्यावर पाहत. वळसे मोजण्यात चूक झाली तर ती तिथे पकडली जाई. वार्निश दिल्यावर भट्टीत पूर्ण सुकवून, दोन सपाट पोलादी पात्यांच्या धारांवर आर्मेचर आडवे ठेवून ते एकाच बाजूला लोळते का, हे पाहावे. लोळत असेल तर तोल बिघडलेला आहे, आणि तसे आर्मेचर बसवले की आपण नुकतेच दुरुस्त केलेले बेअरिंगचे घर पुन्हा मोठे व्हायला सुरुवात होते.

तयार आर्मेचर दुसऱ्या मशीनचे मिळू शकते. त्यासाठी लोखंडी गठ्ठ्याची लांबी व व्यास, शाफ्टची एकूण लांबी, बेअरिंगच्या दोन्ही जागांचे व्यास, कम्युटेटरचा व्यास, आणि पुढच्या पिनियनच्या (शाफ्टच्या टोकावरील छोट्या गिअरच्या) दातांची संख्या व तिरकेपणाची दिशा एवढे जुळावे लागते. यातले शेवटचे सर्वांत जास्त जण विसरतात.

गिअर

सर्वांत अवघड भाग हाच, कारण तो दुसऱ्या कोणत्याही मॉडेलचा चालत नाही आणि घासून बसवता येत नाही. गिअर पूर्ण बोडका झाल्यावर आणण्यापेक्षा दोन-चार दात शाबूत असतानाच आणावा, म्हणजे नमुना तरी राहतो. दात सरळ असतील तर मॉड्यूल, म्हणजे दातांच्या आकाराचे माप, काढणे सोपे आहे: बाहेरच्या व्यासाला दातांच्या संख्येत २ मिळवून भागावे. ४३ दात आणि ४५ मिलिमीटर व्यास असेल तर मॉड्यूल १ येतो. दात तिरकस असतील तर हे सूत्र चालत नाही, आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो, म्हणून तिरकेपणाचा कोन मोजणाऱ्या कारागिराकडेच नमुना द्यावा. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींच्या परिसरात सुट्या नगाचे गिअर कापून देणारी छोटी वर्कशॉप आहेत. त्यांच्याकडे गिअर आणि पिनियन दोन्ही न्यावेत, पोलाद केस हार्डनिंगला (वरचा थर कठीण करण्याला) योग्य असावे, आणि हार्डनिंग करून मगच गिअर ताब्यात घ्यावा. मऊ गिअर दिसतो तसाच, पण आठवड्यात दात गोल होतात. यापेक्षा स्वस्त मार्ग म्हणजे भंगारात त्याच मॉडेलची जळालेली मशीन शोधणे, कारण ज्याचे आर्मेचर जळाले त्याचे गिअर बहुधा चांगले असतात. मी अशा मशीन मोडत नाही, पूर्ण टांगून ठेवतो.

मशीन पुन्हा आली

एवढे सगळे करून मशीन दिली आणि सहाव्या आठवड्यात ते गृहस्थ परत आले. कार्बन आता पंधरा दिवसांत संपत नव्हते, पण मशीन दुपारनंतर हात लावू नये इतकी तापत होती. मी दुकानातल्या दुकानात सगळे तपासले होते आणि काम चालते ती जागा पाहिली नव्हती, ही माझी चूक होती. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन त्यांच्या कामावर गेलो.

शिवारात पंप चालू झालेले असताना मीटरपाशी २०२ व्होल्ट होते. तिथून मशीनपर्यंत सुमारे ७० मीटर लांबीची पाऊण चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली होती आणि तिला दोन ठिकाणी नुसते पीळ देऊन जोड दिलेले होते. मशीनवर भार आल्यावर तिच्या टोकाशी १८४ व्होल्ट भरले. हिशेब सरळ आहे: त्या जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण २६ ओहम असतो, जाऊन-येऊन १४० मीटरला साडेतीन ओहमच्या वर, म्हणजे ३ अँपिअरला जवळपास ११ व्होल्ट वायरीतच जातात, उरलेले ७ त्या दोन जोडांत जात होते आणि जोड हाताला गरम लागत होते. व्होल्टेज उतरले की ही मोटर मंदावते, मग माणूस भोक लवकर पडावे म्हणून मशीन जोराने रेटतो, रेटल्यावर प्रवाह वाढतो, आणि थंड करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्याने हवा मात्र कमी होते. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवाच चाळीस अंशांच्या पुढे असताना आर्मेचरने जायचे तरी कुठे? अडीच चौरस मिलिमीटरची अखंड वायर टाकल्यावर वायरीतील घट साडेतीन व्होल्टच्या आत आली. त्याशिवाय हवेच्या जाळ्या रोज संध्याकाळी झाडायच्या आणि तापल्यावर मशीन बंद न करता दोन मिनिटे मोकळी चालवून निववायची, एवढे ठरवून आलो.

जिथे पर्यायी भाग चालणार नाही

भाग मिळत नाही म्हणून काहीही बसवावे असे मात्र नाही. ट्रिगर स्विच मिळत नसेल तर तेवढ्याच अँपिअरचा, सोडल्यावर आपोआप बंद होणारा दुसरा स्विच बसवावा; वेग कमी-जास्त करण्याची सोय गेली तरी चालेल, पण वायर थेट जोडून भिंतीवरच्या बटनावर मशीन चालवणे कधीही मान्य करू नये, कारण बिट लाकडात अडकून मशीन मनगट पिळते तेव्हा भिंतीपर्यंत हात पोहोचत नाही. पूर्ण धातूच्या बॉडीची जुनी मशीन असेल तर तीन तारांची केबल आणि खरोखर काम करणारे अर्थिंग हवेच. प्लगची तिसरी पिन तोडलेली अशी मशीन मी अर्थ जोडल्याशिवाय परत देत नाही. ग्राइंडरचे गार्ड मिळणे बंद झाले असेल तर ते जाड पत्र्यातून नीट बनवून घ्यावे, आणि तेही जमत नसेल तर तो ग्राइंडर वापरातून काढावा. गिअरबॉक्सचे कवच तडकले असेल, किंवा आर्मेचर आणि पिनियन दोन्ही गेले असतील, तर मी गिऱ्हाइकाला पुढचा खर्च करू देत नाही व चालू भाग काढून ठेवतो.

शेवटचे काम कागदाचे. दुरुस्ती झाल्यावर घेतलेली सगळी मापे, म्हणजे कार्बन, दोन्ही बेअरिंगचे क्रमांक, घराला घातलेल्या कडीचे व्यास आणि तारीख, एका छोट्या पुठ्ठ्यावर लिहून तो मशीनच्या पेटीत ठेवला. गिअरबॉक्समध्ये ग्रीस अर्ध्याहून कमीच भरले आहे हेही त्यावर नोंदवले, कारण जास्त ग्रीस तापून आर्मेचरकडे उतरते. चार महिन्यांनी मशीन तपासायला आली, तेव्हा १३ मिलिमीटर लांबीचे कार्बन साडेनऊ मिलिमीटर उरले होते आणि दोन्ही सारखे झिजले होते. ५ मिलिमीटर उरले की बदलायची पुढची जोडी मी त्याच मापाला घासून, शेपटी आणि टोपीसह, डबीत घालून त्या पुठ्ठ्याला बांधून दिली आहे.